मोहाखाली आंथरलेली लुगडी

मोहफुलं पडायला लागली की मला मळमळतं. लोकांना तो वास गोड लागतो म्हणे. शहरातून येणारे गाडीची काच खाली करून नाकानं ओढून घेतात आणि वा वा करतात. दोन दिवस ती फुलं ओली राहू द्या आणि मग वा वा करा. आंबूस, सडका दर्प अंगणात बसतो. भाताला लागतो, उशीला लागतो. पन्नासावर वर्षं तो माझ्या घरात राहिला, कारण तो माझ्या बायकोच्या हाताला होता. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. आता ती नाही आणि वास मात्र यंदाही वेळेवर आला. लाज नाही त्याला.

मी चौथी शिकलो. लिहिणं माझं काम नाही, नांगर माझं काम होतं. पण नात मागच्या उन्हाळ्यात एक वही टाकून गेली, अर्धी कोरी. कोरा कागद वाया गेलेला मला पाहवत नाही. म्हणून लिहितो, आणि लिहायचं ते त्या उन्हाळ्याचंच लिहितो, दुसरं माझ्याजवळ काही नाही.

आमचं गाव चिचगडच्या रस्त्याला. धानाच्या बांध्या संपतात तिथं जंगल सुरू होतं, आणि त्या टोकाला आमची दोन मोहाची झाडं आहेत. नात, निकिता, नागपूरला शिकते. तिथून तिला सहा महिने जर्मनीला धाडलं. शिकली किती ते तिला ठाऊक, पण मधल्या सुट्टीत आणखी चार देश फिरून आली. पोळ्यानंतर गेली ती शिमगा झाल्यावर परतली. मध्ये, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत, तिची आजी गेली.

पोरगी यायच्या आधी चौकात तिच्या फोटोचं फ्लेक्स लागलं. माझ्या मुलानं, तिच्या बापानं, देवानं लावलं. बाजूला त्याचा स्वतःचाही फोटो, हात जोडलेला. त्याच बांबूंवर चार महिन्यांपूर्वी माझ्या बायकोचं श्रद्धांजलीचं फ्लेक्स होतं. बांबू काढलेच नव्हते. मी देवाला म्हटलं, बांबू तरी बदलायचे होते बेट्या. तो म्हणाला, "बाबा, बांबू कोण पाहते?"

मी पाहतो. मला दुसरं काम काय.

ती आली तेव्हा दोन बॅगा होत्या चाकाच्या. आमच्या गल्लीच्या फुफाट्यात चाकं फिरेनात, तेव्हा दोन्ही डोक्यावर घेऊन आली, एकीवर एक, तिची आजी धानाचे भारे आणायची तशी. ते बघून मी आत निघून गेलो.

मग घरात जत्रा. दहा दिवस माणसं येत राहिली. मयतीला जी आली नाहीत ती पोरीला बघायला आली. ओट्यावर बसायची, चहा ढोसायची आणि जे विचारायची ते ऐकून मला वीट यायचा. तिकडं गायीचं खातात काय. बायका दारू पितात काय. पाणी घेत नाहीत म्हणे, कागदानंच निपटतात, खरं काय. पोरगी हसून सांगायची. शेजारचा पांडू, माझ्याच वयाचा, दात एक नाही, तो म्हणाला, "बाई, तिकडं एखादा पोट्टा पाहून ठेवला का नाही?"

"ठेवला ना काका," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच आहे. दिवसभर दुसऱ्याच्या ओट्यावर बसून राहते."

सगळे हसले, पांडू जास्त हसला. मला हसू आलं नाही. या ओट्यावर तिची आजी तिरडीवर बांधली होती, आणि आता इथंच बशीत बिस्किटं बुडवून चाललं होतं.

तिनं तिकडून चॉकलेट आणलं. मला दिलं. साबण चाटल्यासारखं लागलं. थुंकलो तर तिच्यासमोरच थुंकलो.

तिचं रोजचं राहणंही मला बघवत नव्हतं. दहा वाजता उठायची. बिनदुधाचा काळा चहा प्यायची. दुपारभर कूलरसमोर फरशीवर पालथी पडून फोनमध्ये बघायची. पाच वाजले, ऊन जरा नरमलं की पांढरे बूट घालून रस्त्यानं चालायला निघायची. लोक विचारायचे, "कोठी जाऊन राहिली वं?" ती म्हणायची, "कोठीच नाही, फिरून राहिली." जायचं कुठंच नाही आणि चालायचं. आमच्याकडं ढोर हरवल्याशिवाय कोणी असं चालत नाही.

आणखी एक खोड. कुरकुऱ्याची पुडी, शाम्पूची पुडी, जे काही प्लास्टिक हाती येईल ते पोत्यात भरायची. आठ दिवसांत पोतं भरलं. मला विचारलं, हे कुठं टाकायचं. मी म्हटलं, मागं. ती घरामागं जाऊन उभी राहिली. मीही गेलो. विहिरीपासून बाभळीपर्यंत सगळी तीच घाण, वर्षानुवर्षाची. मी रोज तिकडं लघवीला जात होतो, कधी दिसली नव्हती. आपल्या घरामागं एवढं सडतं आहे हे त्या पोरीनं मला दाखवलं, आणि मला राग घाणीचा आला नाही, पोरीचा आला.

पण खरी घाण दुसरीकडं होती. ती आता सांगतो, कारण तिच्यामुळंच तो उन्हाळा माझ्या घशात अडकून आहे.

तिची आजी, भागरता तिचं नाव, अकरा दिवस आजारी होती. आधी घरी, मग गोंदियाच्या दवाखान्यात. रोज सकाळी एकच म्हणायची, "निकीले फोन लावा ना जी. मले तिच्यासंगं बोलायचं आहे." आणि रोज मी म्हणायचो, तिची परीक्षा आहे, कायले पोरीले रडवतं. परीक्षा होतीच, खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. फोन लावला असता तर म्हातारी तिचा निरोप घेणार, आणि निरोप घेतला म्हणजे ती जाणार, हे पक्कं झालं असतं. मला ते पक्कं व्हायला नको होतं. म्हणून मी फोन लावू दिला नाही, देवालाही बजावलं. बाराव्या दिवशी ती गेली. पोरीला त्यानंतर चौथ्या दिवशी कळवलं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. मी ओट्यावर बसलो होतो, देवा चपलेचा अंगठा शिवत होता.

"आबाजी, आजीनं माझं नाव घेतलं होतं का?"

"तिले शुद्धच नव्हती," मी म्हटलं.

"एकदाही?"

"शुद्ध नसलेलं माणूस कसं नाव घेईल?"

देवा मान खाली घालून सुई ओढत राहिला. पोरीनं डोकं हलवलं. तिचा विश्वास बसला, आणि तिचा विश्वास बसलेला पाहून मला माझ्या तोंडाची शिसारी आली. तेव्हापासून उन्हाळाभर ती समोरून गेली की मी काहीतरी खुसपट काढायचो. तुझे बूट काऊन इथं. तुझा चहा काऊन काळा. माणूस ज्याच्याशी खोटं बोलतो त्याच्यावरच खेकसतो, हे मला एवढ्या वयात कळलं.

मग मोहफुलं पडायला आली.

आमच्याकडं फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. जमीन काळी होते, स्वच्छ होते, तिच्यावर पिवळं फूल लांबून दिसतं, वेचायला सोपं. सगळे जाळतात. मोह वेचणं हे भागरताचं काम होतं. ती अंधारात निघायची, मी आठच्या सुमाराला टोपल्या उचलायला जायचो. आमच्या झाडाखालची जमीन काळी नसायची हे मला दिसत होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही. ती झाडून घेत असेल असं वाटलं असेल. ती नसताना ते काम माझ्यावर आलं, म्हणून मी संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हटलं, उद्या झाडाखाली आगपेटी लावून येतो.

"जाळू नका आबाजी," पोरगी म्हणाली.

"काऊन?"

"आजी नव्हती जाळत."

"तुले काय मालूम? तू इथं होती काय?" मी म्हटलं. "तिकडचं शहाणपण तिकडं ठेव. गाव जाळते, आपण काय आकाशातून पडलो?"

सून म्हणाली, जाऊ दे वं निकी. देवानं पंख्याचं बटन वाढवलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी आगपेटी घेऊन निघालो तर पोरीचं अंथरूण रिकामं. दहाला उठणारी पोरगी. मला वाटलं मागं गेली असेल. मग माझ्या खोलीत नजर गेली, उन्हाळ्यात मी ओट्यावर निजतो. भागरताच्या लुगड्यांची लोखंडी पेटी मी कुलूप लावून ठेवली होती. तिच्या बहिणी मागायला आल्या, सुनेनं विचारलं, गोरगरिबाला देऊन टाका म्हणून पांडूही बोलून गेला. मी कोणाला चिंधी दिली नाही. किल्ली माझ्या करदोड्याला. तर कुलूप पुढं जसंच्या तसं लटकत होतं आणि पेटी मागून उघडी. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून बाजूला एका वाटीत नीट ठेवले होते.

मी बांधीवरून जवळजवळ धावत गेलो. झाडाखाली सात लुगडी आंथरली होती. गोल, एकाला एक लावून, कोपऱ्यांवर दगड. हिरवं, विटकरी, एक ठिपक्यांचं, एक बैंगनी. तिच्या अंगावरची. त्यांच्यावर टप टप फूल पडत होतं. पोरगी ओणवी होऊन वेचत होती.

माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं लिहितो. "मेलेल्या बाईचे लुगडे पायाखाली घातले. हेच शिकून आली काय तिकडून?"

ती उभी राहिली. "पायाखाली कोठी? चपला तर तिकडं काढल्या आहेत." खरंच, धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, चपला होत्या. "आजी हेच करत होती. मी पाचवीत होती तेव्हापासून तिच्यासंगं येत होती सुट्टीत. तुम्हाले नाही मालूम?"

"मी रोज येत होतो इथं."

"तुम्ही टोपल्या उचलाले येत होते. तोवर आजी लुगडे झटकून, घडी करून, टोपलीच्या बुडाशी ठेवून देत होती. म्हणे, बुढ्याले सांगू नको. लुगडे खराब करतं म्हणून बोंबलत राहील."

ती खाली बसली आणि बोटानं दाखवलं. लुगड्यांच्या कडेनं पाचोळ्यातून मोहाची रोपटी वर आली होती. काही बोटभर, काही गुडघ्याएवढी, दोन तर माझ्या कमरेला लागत होती. पलीकडं पांडूच्या झाडाखाली जमीन काळी, टक्कल पडल्यासारखी, एक काडी नाही. "जाळलं की हे मरतात," ती म्हणाली. "आजी म्हणे, हे झाडही माझ्यासारखं म्हातारं झालं. याच्यामागं कोणी पाहिजे ना."

पन्नास वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लं. त्या रोपट्यांवर शेकडो वेळा लघवी केली असेल. आगपेटी माझ्या हातात होती. ती मी खिशात घातली.

त्या दिवसापासून ती रोज गेली, आणि मीही आठला जाऊन टोपल्या आणल्या, जसा पूर्वी आणायचो तसाच. अंगणात फुलं वाळायला घातली की ती पाय दुमडून बसायची आणि काड्या, दांड्या निवडायची. मागून पाहिलं तर पाठ आजीची. पुढून पाहिलं तर कानात ते पांढरे मणी, गाणं ऐकायचे. मला मागून बघणं बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की पुन्हा ती अकरा दिवसांची गोष्ट वर यायची, आंबट ढेकरासारखी. ह्या पोरीला आजी माझ्याहून जास्त ठाऊक होती. आणि हिलाच मी शेवटचा शब्द मिळू दिला नाही.

आखाजीला आमच्याकडं पितरांची घागर भरतात. तोवर घरात कोणी आंबा तोंडात घालत नाही. ज्याच्या घरी त्या वर्षी माणूस गेलं त्यानं तर नाहीच नाही. सून मात्र बाटलीतलं आंब्याचं सरबत पीत होती. मी बघितलं तर म्हणाली, "हे तर कंपनीचं आहे जी, याले चालते." देवाही प्यायला. पोरीनं घेतलं नाही. तिकडं सहा महिने काय काय खाल्लं असेल देव जाणे, पण आंब्याला शिवली नाही.

घागर भरली की गेलेलं माणूस पितरांत मिसळतं, असं आमच्या घरात मानतात. मग त्याचं वेगळं काही उरत नाही, सगळ्या आजे-पणज्यांबरोबर त्याचं एक पान. मी आदल्या दिवसापासून जेवलो नाही. देवाला वाटलं उपास धरला.

घागर भरायची देवानं. मी म्हटलं, निकीला भरू दे. सुनेनं तोंड वाकडं केलं, पोरीच्या हातून कुठं भरतात काय. मी म्हटलं, माझी बायको आहे, मी सांगतो ते होईल. पोरगी विहिरीवर गेली, बादली काढून आणली, तांदळाच्या राशीवर ठेवलेल्या कोऱ्या घागरीत तांब्यानं पाणी ओतायला लागली. मातीचा वास सुटला.

"निकी," मी म्हटलं. "तुझी आजी शुद्धीत होती."

देवा म्हणाला, "बाबा, आज कायले."

"आज नाही तर कधी? आता ती मिसळून जाईल." मी पोरीकडं बघितलं. "ती तुले फोन लावा म्हणत होती. मी लावू नाही दिला."

तिचा हात थांबला नाही. "कितीदा म्हणाली?"

मी तीनदा म्हणणार होतो. ओठावर आलं होतं. "रोज," मी म्हटलं. "अकरा दिवस."

ती ओतत राहिली. घागर भरली, काठावरून पाणी उतरलं, खालचे तांदूळ भिजले, तरी ओतत राहिली. मग तांब्या ठेवला, घागरीवर आंबा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. रडली असती तर मला चाललं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिच्या तोंडावर शिसारी होती. चॉकलेट थुंकताना माझं तोंड जसं झालं असेल, अगदी तसंच. घरचीच आहे, मी ओळखली.

मी निखाऱ्यावर पितरांचा घास टाकला. सगळ्यांनी आंबा खाल्ला. तिचं पान तसंच राहिलं.

त्यानंतर पंधरा दिवस ती घरात होती. दहाला उठणं नाही, फिरणं नाही, पांडूशी मस्करी नाही. जायच्या दिवशी पेटीच्या बिजागऱ्या तिनं परत बसवल्या. सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यासमोर आली, थांबली, मग खाली वाकून बॅगेची चेन लावली आणि गेली. वर्षभर देवाच्या फोनवर तिचा आवाज ऐकू यायचा. मला फोन द्या असं ती म्हणाली नाही, आणि मागायचं माझं तोंड नव्हतं. अकरा दिवस भागरता जशी मागत होती तसा मी वर्षभर मागितला नाही, एवढाच फरक.

यंदा वास सुटला तेव्हा मी करदोड्याची किल्ली काढली. पाच वाजता गेलो, आयुष्यात पहिल्यांदा त्या वेळेला. गुडघे बोलत होते. लुगडी आंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, चपला धुऱ्यावर काढल्या. फूल पडताना आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं. झाड जागं असल्यासारखं वाटतं. एक फूल मानेवर पडलं, थंड, ओलं, चिकट. अंगावर काटा आला आणि मी ते झटकून टाकलं. तो वास मला अजून सहन होत नाही. ओणवं होऊन वेचताना दोनदा उमासा आला. भागरतालाही येत असेल काय, हे विचारायला आता कोणी नाही. आठ वाजता टोपली उचलायलाही कोणी नव्हतं. मीच उचलली, मध्ये दोनदा खाली ठेवली.

काल सकाळी मी अंगणात फुलं पसरवत असताना देवा फोन घेऊन आला. "बाबा, निकी बोलते म्हणते."

मी हात धोतराला पुसले. फोन कानाला लावला.

"पडून राहिले का?" तिनं विचारलं.

"पडून राहिले."

"जाळलं?"

"नाही. लुगडे आंथरले."

"कोणते?"

"सगळेच. मधात ते हिरवं, तिच्या आवडीचं."

ती म्हणाली, "हिरवं तिले बिलकूल आवडत नव्हतं आबाजी. तुम्ही आणलं म्हणून घालत होती. तिच्या आवडीचं बैंगनी."

मी फुलांकडं बघत राहिलो. "उद्या ते मधात आंथरतो," मी म्हटलं.

"नका आंथरू. ते ठेवा. मी आली की आंथरीन."

आणि फोन ठेवला. कधी येते ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बैंगनी लुगडं झाडाखालून आणलं, झटकलं, ओट्यावर वाळवलं, आणि पेटीत तळाशी घातलं. कुलूप लावलं नाही. हाताला फुलांचा तो घाणेरडा वास दिवसभर होता. दोनदा हात धुतला. तिसऱ्यांदा धुतला नाही.